नर्सबायची स्कूटर

डिचोली ठाण्यातल्या माझ्या शेवटच्या वर्षातली ती चोरी अजून मनातून जात नाही.

एका खाजगी दुचाकी संग्रहालयातून भर दुपारी जुनी स्कूटर गेल्याची तक्रार आली. गुन्हा नोंदवून मी पंचनाम्याला गेलो. कार्बाइडच्या दिव्यांच्या सायकली, रुंद मडगार्डच्या स्कूटरी, सगळ्या लख्ख पुसलेल्या. तपास विसरून क्षणभर मी बघतच राहिलो. मालक हौशी, प्रत्येक गाडी पेट्रोल घालून चालू ठेवायचा. कुलूप फोडलेले नव्हते. रखवालदार जेवायला बसला होता, तेवढ्यात गाडी गेली. रिकाम्या जागेवर पाटी उरली होती, 'खाण मॅनेजरची स्कूटर'.

मालकाने ती लाटंबार्शाच्या एका माणसाकडून हौसेपोटी, कागद न बघताच घेतली होती. त्या माणसाला ठाण्यावर बोलावले. तो घाम पुसत एकच सांगत राहिला, "साहेब, विकली ती विकली. मला कशाला परत हवी?" खोटे बोलणारा सहसा तपशील वाढवत नेतो. हा वाढवत नव्हता. मी त्याला सोडले.

दुसऱ्या दिवशी त्याच गावात पाव विकणाऱ्या पोदेराने आमच्या हवालदाराला खबर दिली. त्या माणसाच्या आत्याच्या घरामागे, काजूच्या झाडाखाली, ताडपत्रीने काहीतरी झाकलेले होते.

आत्या म्हणजे गावची निवृत्त नर्सबाय. एकटी राहायची, वय सत्तरीपुढचे, हातात काठी. आम्हाला बघताच म्हणाली, "मीच हाडली. काठी पायाशी ठेवली आणि चालवत घरी आणली. दुसरी चावी माझ्याकडे होती. माझी गाडी, चोरी कसली?"

"मग ती विकली गेली कशी, बाय?"

"मी कमरेच्या ऑपरेशनला इस्पितळात होते. भाचा म्हणाला, भंगारात गेली. परवा शेजाऱ्यांबरोबर म्युझियम बघायला गेले, तर ही तिथे उभी. आणि पाटी मॅनेजरची! हिच्यावरून मी गावोगाव बाळंतपणांना गेले, साहेब."

भाच्याला तिच्यासमोर उभे केले. तो मान खाली घालून म्हणाला, "मॅनेजरची सांगितली की मोल बरे येते, आत्या."

चासी नंबर पडताळला. गाडी तिच्याच नावावर निघाली. संग्रहालयाचा मालक भला, त्याने तिची माफी मागितली. पण गुन्हा नोंद झालेला, गाडी जप्त मुद्देमाल. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ती सोडता येत नव्हती. मी अहवाल पाठवला. तारखा पडत गेल्या.

बाजाराच्या दिवशी ती ठाण्याच्या आवारात यायची, पदराने सीट पुसायची.

"झाला काय हुकूम?"

"होईल, बाय."

पावसात गाडीला गंज चढला. मग एका बाजाराला ती आली नाही. ती वारल्याचे पोदेराकडूनच कळले.

हुकूम त्यानंतर आला, तिच्या नावाने. वारस एकच. पोचपावतीवर भाच्याची सही घेऊन चावी मीच त्याच्या हातात ठेवली. त्याने गाडी टेम्पोत चढवली. कुठे नेतोस, हे मी विचारले नाही.

कागदोपत्री केस निकाली निघाली. पण मुद्देमालाला थांबायला वेळ असतो, म्हाताऱ्या माणसाला नसतो, हे मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो.