फ्लशच्या टाकीतले मासे

माझ्या सासरच्या संडासात मासे होते, हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे. सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, जगले का? ह्या प्रश्नाचं उत्तर मला अजून एका दमात देता येत नाही.

मी सावंतवाडीकडची. लग्न होऊन मांद्र्याजवळच्या खाडीकाठच्या घरात आले, तेव्हा गोवा नुकता राज्य झाला होता. घरात कोंकणी बोलायची, पेपर मराठी वाचायचा आणि संध्याकाळी ओसरीवर बसून त्या दोन्हींवरून भांडायचं, अशी तिथली रीत. माझ्या मालवणीला कोणी हसलं की मी जागच्या जागी उत्तर द्यायची. त्यामुळे पहिल्याच महिन्यात तिखट सून म्हणून नाव झालं. त्यावरून मला कधीच चिडवलं नाही ते फक्त सासऱ्यांनी. मी त्यांना मामा म्हणायची.

मामा मानशीवरचे. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला लाकडी दरवाजे असतात, ती मानस. भरतीच्या रेट्याने ती मिटते, ओहोटीला उघडते, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला जाळं लावलं की घराला पुरून उरतील इतके मासे मिळतात. ह्या दरवाजांवर मामांचा उभा जन्म गेला. कुठली फळी कुजली, बांधात खेकड्यांनी कुठे बीळ पाडलं, पाणी केव्हा फिरणार, हे त्यांना अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं.

एका श्रावणात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. म्हापशाच्या इस्पितळातून घरी आले तेव्हा बोलणं जड, उजवा हात लोंबता, पाय ओढत टाकायचा. तरी आठव्या दिवशी कोणाला न सांगता डाव्या हातात तांब्या घेऊन ते बांधाकडे निघाले, आयुष्यभर सकाळी जात आले तसेच, आणि घसरून पडले. गवत कापणाऱ्या बायकांना सापडले तेव्हा धोतर सुटलेलं होतं. लागलं फारसं नव्हतं. पण बायकांनी उचलून आणलं, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा पडलात तर खुबा मोडेल आणि मग उठणं नाही.

माझ्या नवऱ्याने घाईघाईने न्हाणीला लागून घरातच संडास बांधून घेतला. मामा त्यात पाऊल टाकीनात. एका भिंतीपलीकडे देव, दुसऱ्या भिंतीपलीकडे चूल, आणि मधे हे! अंथरुणाशी भांडं नेलं तर ते भिंतीकडे तोंड करायचे. दोघांनी बखोटीला धरून परसाच्या कडेला न्यायचं, तेही दोन दोन दिवसांनी. आणि मग त्यांचं जेवण कमी झालं. अर्धी वाटी पेज, आमटीचा एक घास, की पोट भरलं. सासूबाई म्हणायच्या, तोंडाला चव नाही. मला मात्र एके दिवशी जवळजवळ भरलेलं ताट उचलताना लख्ख कळलं. जावं लागू नये म्हणून हा माणूस खात नव्हता. मनगटाची हाडं वर आली होती. मी त्यांच्यावर ओरडले, तोंडाला येईल ते बोलले, आणि मग चुलीपुढे बसून रडले. दुसऱ्या दिवशी पेज आणखी दोन घास कमी झाली.

त्याच सुमारास माझे धाकटे दीर आखातातून सुट्टीवर आले. त्यांनी नव्या संडासासाठी भेट म्हणून भलामोठा खोका आणला. त्यातून निघाली ती फ्लशची टाकी. आत पाण्याची नेहमीची टाकी आणि तिच्या भोवती पारदर्शक पेटी, पेटीत निळे खडे आणि प्लास्टिकचं झाड. आतलं पाणी वेगळं, माशांचं वेगळं. पण साखळी ओढली की आतलं पाणी खाली जाताना दिसायचं आणि बघणाऱ्याला वाटायचं, गेले मासे. भावजींनी म्हापशाहून दोन केशरी आणि एक काळा मासा आणला. शेजारच्या बायका बघायला आल्या, साखळी ओढून ओढून तोंडावर हात ठेवून गेल्या. विष्णूचा पहिला अवतार नेऊन बसवला तो कुठे, म्हणून सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्याच हाताने दुपारी बांगडे साफ केले.

चौथ्या दिवशी तिन्ही मासे उताणे तरंगत होते. भावजी दुकानदाराला शिव्या देत बसले. ते ऐकून आतल्या खोलीतून मामांचा आवाज आला. पाणी कुठलं घातलं, म्हणून त्यांनी विचारलं. नळाचं, म्हटल्यावर ते हसले. दुखण्यानंतर मी पहिल्यांदा त्यांना हसताना ऐकलं. मग म्हणाले, "माका व्हर थंय."

मी त्यांना धरून तिथे नेलं. ज्या खोलीत पाऊल टाकणार नाही म्हणून माणूस उपाशी राहत होता, त्या खोलीत तो मेलेले मासे बघायला गेला. भिंतीला टेकून त्यांनी पेटी निरखली, झाकण हुंगलं. औषध घातलेलं नळाचं पाणी, सासूबाईंचं रोजचं फिनेल, वर घट्ट झाकण, शेजारी न्हाणीच्या चुलीचा धूर, सगळ्या चुका त्यांनी एकेक करून सांगितल्या. पण मोठा दोष त्यांच्या मते वेगळाच होता: पाणी एका जागी उभं होतं.

"पाणी फिरूंक जाय गो, बाये."

तेव्हापासून त्या पेटीला भरती-ओहोटी लागली. सकाळी सहा मग पाणी काढायचं, विहिरीचं सहा मग घालायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. मी करते म्हटलं तर म्हणायचे, तुझ्या हाताला घाई फार. शेवटी मामाच भिंत धरत जायचे आणि डाव्या हाताने एकेक मग मोजून करायचे. मासे मी आणले, धुण्याच्या दगडाजवळच्या ओढ्यातून. पंचा पाण्यात पसरून दोन्ही टोकं एकदम उचलली की बोटाएवढे मासे येतात. ते लहानपणापासून माझ्या हातात आहे. तीन आणले.

आठ-दहा दिवसांनी एका सकाळी मगाचा आवाज थांबला आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले. सासूबाई काहीतरी विचारत होत्या, मी त्यांना हाताने गप्प केलं. बऱ्याच वेळाने बादलीने पाणी ओतल्याचं ऐकू आलं. साखळी ते कधीच ओढायचे नाहीत, कारण टाकी घुमली की मासे घाबरून प्लास्टिकच्या झाडामागे जात. त्या दुपारी मामांनी भात दुसऱ्यांदा मागितला.

आता माशांचं. ते जगत होते, पण त्यात काही अर्थ नव्हता. अंगाने वाढत नव्हते, रंग फिका पडत होता, दिवसभर त्याच चार बोटांत फिरायचे. तिसऱ्या आठवड्यात एक मेला. मामांच्या आधी उठून मी पेटी बघायची, म्हणून मला आधी कळलं. मी त्याला पदरात घेतलं, धुण्याची बादली उचलली आणि ओढ्यावरून तसाच दुसरा आणला. माझ्या डोक्यात एकच होतं: मासे मेले तर भरती संपली, भरती संपली तर कडी संपली, आणि मग पुन्हा पेजेची अर्धी वाटी. पुढे दुसरा मेला, मग आणखी एक. पेटीत नेहमी तीनच मासे होते, ह्याची काळजी मी सहा-सात महिने घेतली. नवऱ्यालाही सांगितलं नाही. मामा रोज पेटीत बघायचे, सहा मग काढायचे, सहा घालायचे, आणि चेहऱ्यावर काही दिसायचं नाही.

चैत्रातल्या एका सकाळी त्यांनी तांब्या मागितला. तोवर ते काठी घेऊन अंगणभर फिरू लागले होते. पेटीतले तिन्ही मासे त्यांनी हातानेच तांब्यात घेतले आणि मला म्हणाले, चल. मला वाटलं, मानशीकडे जायचं असेल. पण ते वळले ओढ्याकडे. काठी माझ्याकडे देऊन, माझा खांदा धरून उतरले, आणि मी कपडे धुते त्याच दगडाशी बसून त्यांनी तांब्या पाण्यात कलता केला. मासे क्षणभर तिथेच थांबले आणि मग दगडाखाली गेले.

"णव मेले," मामा पाण्याकडे बघत म्हणाले. "हांवें मोजल्यात."

नऊच मेले होते. मानशीवर जन्म काढलेल्या माणसाला तीन मासे ओळखता येणार नाहीत असं मी धरून चालले होते. ह्याला तिखट म्हणायचं की बिनडोक, तुम्हीच ठरवा. मी विचारलं, मग पहिला मेला तेव्हाच का नाही बोललात? काचेत भरती होत नसते हे तर तुम्हाला पहिल्या दिवशीच माहीत असणार.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. उजवी बाजू अजून थोडी ओघळलेली होती, तिच्यामुळे ते हसतायत की नाही ते नीट कळायचं नाही.

"तूं हाडीत रावलें," ते म्हणाले, "म्हणान हांव वयत रावलों."

मी आणत राहिले, म्हणून ते आत जात राहिले. चढ चढताना मी तांब्या घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो दिला नाही. काठी माझ्याच हातात राहिली. रिकामा तांब्या डाव्या हातात धरून ते हळूहळू वर गेले आणि मी त्यांच्या एक पाऊल मागे चालत राहिले.