अंगणातला रंगवलेला बुडखा

माझा दोस्त गजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी टपरीवर गजूचाच आवाज काढून राहिलो होतो. आदल्या दिवशी मी त्याले अकोल्याच्या दवाखान्यात भेटून आलो होतो. डेंग्यूनं पार वाळला होता, पण सलाईनकडे बोट दाखवून नर्सबाईले म्हणे, "मॅडम, हे लवकर संपवा, मले साईटवर जायचं आहे." ते मी टपरीवर करून दाखवत होतो अन् पोट्टे हासून हासून चहा सांडत होते. तेवढ्यात त्याच्या मावसभावाचा फोन. "गजू गेला," तो म्हणाला. अन् मी गजूच्याच आवाजात विचारलं, "कुठं गेला बे?" पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं... दीड महिना झाला. त्यानंतर तो आवाज माझ्या तोंडातून एकदाच निघाला.

अमरावतीत ज्यांनी झाड तोडून कार ठेवायले जागा केली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगणात गजू येऊन गेला असन. झाड तोडणारे पुष्कळ भेटतात. पण तोडल्यावर जमिनीत जो बुडखा उरते, त्याले कोणी वाली नसते. खोदायले गेलं तर कंपाऊंडची भिंत हालते, जाळलं तर शेजारी भांडते. गजूनं त्याची मशीन आणली. लोखंडी दातांचं एक चाक, ते बुडख्यावर डावी-उजवीकडे फिरते अन् जमिनीच्या वीतभर खालपर्यंत लाकडाचा भुसा करून टाकते. त्यावर माती, मातीवर गट्टू, गट्टूवर कार. इथं झाड होतं म्हणून शपथ घेतली तरी कोणी मानत नाही. अन् हे सगळं करताना गजूचं तोंड चालूच. एका कॉलनीत आंब्याचा बुडखा काढायचा होता, मीही हाताखाली सोबत होतो. आंबा लावणारा मालक मरून गेलेला, मशीन बोलावली पोरानं, अन् म्हातारी बुडख्याजवळ बसून रडून राहिली. गजूनं मशीन बंद केली. आमाले वाटलं, आता हा दोन शब्द प्रेमाचे बोलते. हा तिच्यासमोर उकिडवा बसला अन् म्हणे, "आजी, मेलेल्याले घरात किती दिवस ठेवता? वास सुटन ना." म्हातारी उठली, पदर सावरला, आत गेली. गजूनं मशीन चालू केली.

हे त्याच्यात आलं ते बापाकडून. त्याचा बाप म्हणजे काका, आमचे शाळेतले सर, अन् त्यांची शिकवणी घरच्या अंगणात, कडूलिंबाखाली. मीही तिथंच शिकलो. गणित कमी अन् काकांचा आवाज जास्त. बोलायच्या आधी एक खोकला, वाक्याच्या शेवटी "समजलं?" नापास झालेल्या पोट्ट्याले ते झाडापुढं उभं करायचे. "लिंबाले सांग किती मार्क पडले. माणसाले सांगायच्या लायकीचे नाहीत. समजलं?" सगळ्यात जास्त वेळा तिथं गजूच उभा राहिला. पुढं त्यानं स्पर्धा परीक्षेचे क्लास लावले, दाढीत एखादा पांढरा केस आला तरी क्लास सुरूच, अन् निकाल लागला की काका खुर्चीतून न उठता म्हणायचे, "जाय, लिंबाले सांगून ये." अन् तो जायचा. मी पाह्यलं आहे. तिशीचा माणूस, हात मागं बांधून, झाडापुढं.

परीक्षा सोडून घेतलेली मशीन घरी आली त्या दिवशी काका अकोल्याले लग्नाले गेले होते. गजूनं माणसं बोलावून कडूलिंब पाडला. मी म्हटलं, "अबे, हे काय केलं?" तर म्हणे, "प्रॅक्टिस कशावर करू मंग?" बुडखा काढायले तो मशीन सरकवून राहिला अन् तेवढ्यात फाटकात काका. हातात लग्नातली पिशवी. त्यांनी आडवं पडलेलं झाड पाह्यलं, पोराले पाह्यलं. खोकलेही नाहीत. "मी जिवंत आहे तोवर हा बुडखा इथून हालणार नाही." पोराशी ते त्यांचं शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशी त्यांनी गेरू अन् चुना आणला, अन् रस्त्यावरच्या झाडाले मारतात तसे पट्टे त्या बुडख्याले मारले, म्हणजे येणाऱ्या गिऱ्हाइकाले लांबूनच दिसावा. गिऱ्हाईक आलं की हासायचंच, "दुसऱ्याचे काढता, अन् घरचा?" काका खिडकीतून ऐकायचे. दिवाळीले घर एक वेळ रंगवत नसत, बुडखा रंगवायचे.

तीन वर्षं एका घरात दोघं, अन् मधात मी. "सांग त्याले, टाकी भरली, मोटार बंद कर." गजू हाताच्या अंतरावर उभा असायचा, तरी मी ते काकांच्या खोकल्यासकट सांगायचो. "बुढ्याले म्हना, कान मलेही आहेत." ते मी गजूच्या आवाजात परत न्यायचो. काकांचा नियम कडक होता, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. गजूसोबत मात्र माझी मस्ती चालायची. मधातच काकांचा आवाज काढून म्हणायचो, "गजाननराव, जेवले का?" तो थाळी ठेवून हासायचा. "टेप, बुढा जल्मात असं म्हननार नाही बे." टेप म्हणजे मी, लग्नात माईकवर लोकांचे आवाज काढून पोट भरणारा.

गजू अकोल्याले एका बंगल्याच्या कामावर होता, तिथंच ताप भरला अन् तिथंच भरती केलं. दोन दिवसांनी काका माझ्या दारात आले. चप्पल उलटसुलट घातलेली. "बंडू, त्याले सांग, घरी ये. आपण दोघं मिळून तो बुडखा काढू." खोकला नाही, शेवटी "समजलं?" नाही. मी तशीच बस धरली.

निरोप मी आधी माझ्या साध्या आवाजात दिला. गजू म्हणे, "असं नाही. त्याच्या आवाजात सांग." सांगितलं. तो इतका हासला की सलाईनची नळी हालली. "लय भारी बे टेप! फक्त खोकला विसरला."

"अबे, खरंच म्हटलं त्यांनी."

"बुढ्यानं? चाल हट."

"आईची शपथ."

"तुह्या शपथा तर लग्नात माईकवर विकतो तू."

मी तिथूनच काकांले फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. "पाह्य," गजू म्हणे, "नाटक करायचं तर फोन उचलणारा तरी ठरवून ठेवायचा." काका तेव्हा फोन घरी विसरून बसस्टँडवर गेले होते, सकाळची अकोल्याची पहिली गाडी कधी आहे ते विचारायले. हे मले मागून कळलं. निघताना गजूनं मले हाक मारली. "टेप, निरोप घेऊन जाय. बुढ्याले म्हना, मी मेल्यावर काढ बुडखा." अन् डोळा मारला.

काकांची गाडी अकोल्याले पोचायच्या आधीच गजू गेला. त्याले घरी आणलं तेव्हा अंगणात जागा तेवढीच होती, त्या पट्ट्यापट्ट्यांच्या बुडख्याशेजारी. काका त्याचा पाय धरून बसले. उचलू देत नव्हते. ऊन चढलं, लोक एकमेकांकडे पाहून राहिले, कोणीतरी मले ढोसलं, "तू सांग ना, तुयं ऐकतीन." मी वाकलो, अन् तोंडापर्यंत आलं ते गजूचंच वाक्य, आजीले म्हटलेलं. ओठ चावून धरले.

तेरवी झाली, पाहुणे गेले. काका बुडख्यावर बसले होते. खोकले.

"माझा निरोप दिला होता?"

"दिला होता काका."

"मंग? काय म्हणाला?"

मी म्हटलं, जाऊ द्या ना काका.

"जसं म्हटलं तसं. त्याच्या आवाजात. समजलं?"

घरी येतो म्हणत होता, असंही सांगता आलं असतं. आवाज माझाच, शब्दही माझे. पण तीन वर्षं ज्या माणसानं एक शब्द इकडचा तिकडं होऊ दिला नाही, तो समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहून राहिला होता. मी सांगितलं. गजूच्या आवाजात, डोळा मारण्यासकट. "मी मेल्यावर काढ बुडखा."

काका नाकातून हासले. "हा त्याचाच निरोप आहे. तू यात काही टाकलं नाही." अन् गुडघ्यावर हात ठेवून उठले. "लाव मशीन."

मी लावली. आधी गेरू-चुन्याची खपली उडाली, मंग लाल लाकूड, अन् अंगणभर कडू वास. भुसा काकांच्या पायावर बसत होता. मी हातानं मागं सरका म्हटलं. ते सरकले नाहीत.

आता तिथं सपाट माती आहे. मी संध्याकाळी चक्कर मारतो, काकांशी दोन शब्द बोलतो. बोलायले त्यांच्याकडे दुसरं कोणी नाही. परवा फाटकातून सरळ त्या मातीवरून चालत निघालो तर खुर्चीतून खोकला आला.

"तिकडून ये. ठेच लागन. समजलं?"

मी तिकडून गेलो.