आक्कानं बघितलेला सगळ्यात वाईट पिक्चर

दोन हजार एकोणीस साली मी एकोणसत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी इंदापुरात चारचौघांत एका बाईनं मला सांगितलं, की तिनं जन्मात बघितलेला सगळ्यात वाईट पिक्चर माझा होता.

ते सांगायच्या आधी ती तिचं नेहमीचं वाक्य बोलली. "शेवटपातुर बघितला, आता बोलते." हे म्हणताना ती डोक्यावरचा पदर पुढं ओढायची, रिकामी पाटी कमरेवर घ्यायची आणि माझ्या डोळ्यांत बघायची. बारामतीच्या एका थेटरात मी पस्तीस वर्षं डोअरकीपर होतो. माझ्या दारातून किती माणसं आत गेली आणि बाहेर आली याचा हिशोब नाही. पण पिक्चर संपल्यावर थांबून माझ्याशी बोलणारी एवढी एकच.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं. सगळे तिला आक्का म्हणायचे, मीही म्हणायचो. ती मला "डोरकीपर" म्हणायची. माझं नाव तिला माहीत होतं, तरी.

आक्का कळंबची. लहानपणी आईबापाबरोबर मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी गेलेली. पुढं मेंढरं गेली, थोडी जमीन आली आणि ती भाजी करायला लागली. गुरुवारी बारामतीचा बाजार. दुपारपर्यंत मेथी, शेपू, गवार विकायची आणि तीनच्या खेळाला हजर. पिक्चर कुठला लागलाय हे ती विचारायचीच नाही. लागलाय ना, मग बघायचा.

एकदा एक पिक्चर आला होता, अख्खी बारामती रडत होती त्याला. बायका डोळे पुसत बाहेर यायच्या. त्यात एक मेंढपाळ आपली मेंढरं सोडून परगावी जातो असा देखावा होता. सगळं थेटर मुसमुसत असताना मधल्या रांगेतून आक्काचं हसू ऐकू आलं. लोक खवळले. मी बॅटरी घेऊन गेलो. "आक्का, गप बसा, लोकं मारतील." ती तोंडात पदर कोंबून बसली.

खेळ सुटल्यावर म्हणाली, "शेवटपातुर बघितला, आता बोलते. डोरकीपर, मेंढरं दावली आन् आवाज शेरडांचा घातला!"

मी म्हटलं, "एवढ्या गर्दीत कुणाला कळतंय?"

"मला कळलं की. मेंढीचं वराडणं ज्याला ऐकू येत न्हाय, त्याला बाईचं रडणं काय ऐकू येणार?"

मी तो पिक्चर वीस वेळा तरी बघितला होता. एकविसाव्या वेळी कान देऊन ऐकला. शेळ्याच होत्या.

तुम्हीही असे पिक्चर बघितले असतील. बाहेर आल्यावर आपण म्हणतो, बेकार होता, वेळ गेला. का बेकार होता विचारलं तर कुणी म्हणतं गाणी नव्हती, कुणी म्हणतं मारामारी कमी, कुणी म्हणतं हिरो म्हातारा झालाय. दारात उभं राहून मी ही सगळी कारणं ऐकली. आक्काचं कारण मात्र दर वेळी वेगळं असायचं आणि ते पडद्यावर बोट ठेवून दाखवता यायचं. उसाच्या फडात हिरॉइन अनवाणी पळाली आणि पाचटानं तिला कुठं ओरखडा उठला नाही. पाच दिवस उपाशी असलेल्या म्हातारीनं भाकरी समोर आल्यावर आधी भाषण केलं. आक्का म्हणायची, "पाव्हणा घरी यावा, जेवावा, आन् आपल्याकडं न बघता हात धुवून निघून जावा, तसला पिक्चर हाय ह्यो."

ह्याच्यापेक्षा बरं मी कुणाकडून ऐकलं नाही. मी चौथी शिकलोय, पण ऐकलेलं भरपूर आहे.

अर्ध्यातून उठणाऱ्यांचा तिला राग. एका गुरुवारी असा पिक्चर होता की इंटरवलला गेलेली माणसं परतच आली नाहीत. आत आक्का एकटी. मॅनेजर तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मावशी, तिकिटाचे पैसे परत घ्या आणि जा. आम्हालाही घरं आहेत."

"मला न्हाय घर? पिक्चर लावा."

"अहो, इतका वाईट पिक्चर कशाला बघताय?"

"वाईट हाय का न्हाय ते संपल्यावर ठरवीन. तुमी लावा."

मग आक्का, मॅनेजर, मी आणि वर मशीनवर ऑपरेटर, अशा आम्ही चौघांनी तो पिक्चर शेवटपर्यंत बघितला. कसला पिक्चर होता म्हणता! हिरो मरतो तेव्हा मॅनेजरनं देवाचे आभार मानले. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "वाईट हाय. लई वाईट हाय. पर ती हिरोची आई झालेली म्हातारी हाय न्हवं, तिनं काम जीव लावून केलं. तिच्यासाठी कुणीतरी बसायला पायजे व्हतं."

मॅनेजर त्या दिवसापासून तिला मावशी न म्हणता आक्का म्हणायला लागला.

पुढं थेटर बंद पडलं. तिथं आता लग्नं लागतात. मी कन्हेरीला घरी बसलो, पण गुरुवार चुकवला नाही. बाजारात तिच्या पाटीशेजारी पोत्यावर बसायचं, चहा प्यायचा आणि तिनं टीव्हीवर बघितलेल्या पिक्चरचा निकाल ऐकायचा.

अशात इंदापूरच्या एका पोरानं स्वतःचा पिक्चर काढायचं ठरवलं. हौशी पोरगा, मनानं चांगला. त्याला हिरोचा आजा पाहिजे होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं. पांढऱ्या मिशा, सरळ पाठ, आवाज मोठा. मी हो म्हटलं. का नाही म्हणू? पस्तीस वर्षं मी लोकांना पिक्चर बघायला आत सोडलं. आता मी पडद्यावर आणि लोक बघणार.

आमच्या गावात आणि माळेगावच्या उसात शूटिंग झालं. पोरगा मला सांगायचा, "आबा, आणखी जोरात. मागच्या रांगेपर्यंत दुःख गेलं पाहिजे." गेलं पाहिजे तर गेलंच पाहिजे, म्हणून मी ओरडलो. मरायच्या सीनला तर असा ओरडलो की शेजारच्या वस्तीवरची माणसं पळत आली.

पिक्चर इंदापुरात एका मंगल कार्यालयात दाखवला. पांढरा पडदा, प्लास्टिकच्या खुर्च्या. गावाकडून टेम्पो भरून माणसं आली. मला फेटा बांधला, हार घातला. पण खरं सांगतो, माझं लक्ष दाराकडं होतं. आक्का कळंबहून एस.टी.नं, पाटी घेऊनच आली, मधल्या रांगेत बसली आणि मला बरं वाटलं. गाव टाळ्या वाजवणारच होतं. मी गावातलाच. मला तिचा निकाल पाहिजे होता.

पिक्चर सुरू झाला. आवाज आधी आणि तोंड नंतर हलत होतं. एकच गाय तीन वेगवेगळ्या घरांत बांधलेली दिसली. मी मरतो तिथं लोकांनी शिट्ट्या मारल्या. मला तेव्हा वाटलं, काय काम केलंय मी!

संपल्यावर सवयीनं मी दारात उभा राहिलो. आक्का शेवटी आली. पदर ओढला. तोंडातून तेवढंच आलं, "शेवटपातुर बघितला," आणि पुढं चालायला लागली.

मी म्हटलं, "आता बोला की."

"आज नगं, डोरकीपर. एस.टी. चुकंल."

"एस.टी. जाऊ दे. बोला." भोवती पंचवीस माणसं उभी होती. मला ती पाहिजेच होती.

आक्कानं एकदा माझ्या हाराकडं बघितलं. "आता बोलते मग. माझ्या जल्मातला सगळ्यात वाईट पिक्चर."

लोक हसले. मीही हसलो. "पिक्चर राहू द्या. माझं काम कसं झालं?"

"तुमी कुठं व्हता? मला दिसला न्हाय."

"आवं, म्हातारा मीच की! आजा!"

"त्यो आजा नुसता वरडत व्हता. एवढी वर्सं मी तुमाला बघते, तुमी कवा वरडला न्हाय. पोरांनी खुर्च्या फोडल्या त्या दिवशी बी तुमी नुसतं जाऊन उभं राह्यला आन् पोरं गप झाली. त्यो माणूस मी शोधत व्हते. त्यो न्हाय आला पिक्चरात."

आता कोणी हसत नव्हतं. माझी कानशिलं तापली. आणि मी बोललो, "जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या बाईला पिक्चरातलं काय कळतंय!"

हे मी लिहितोय ते कुणी मला लिहायला लावलं म्हणून नाही. माझ्या वडिलांना गावात असंच बोलायचे. तुला काय कळतंय, तू गप बस. छपन्न सालानंतर आम्ही बौद्ध झालो तेव्हा वडिलांनी घरात सांगून ठेवलं होतं, हे वाक्य आपण ऐकून घ्यायचं नाही आणि कुणाला म्हणायचं नाही. ते माझ्या तोंडातून निघालं. तेही कुणाला, तर मेंढीचा आवाज ओळखणाऱ्या बाईला.

आक्का म्हणाली, "बरं." पाटी कमरेवर घेतली आणि एस.टी. स्टँडकडं चालायला लागली. उलटून बोलली असती तर मी भांडलो असतो, भांडण मिटलंही असतं. तिनं तेवढं एक "बरं" मला दिलं.

पुढच्या गुरुवारी मी बाजारात गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिनंच यावं, तिनंच निरोप धाडावा, असं धरून बसलो. काम पडलं तर दुसऱ्या रस्त्यानं जायचो. एकदा लांबून तिची पाटी दिसली. शेजारचं पोतं रिकामं होतं. तरी गेलो नाही. हट्टाला माझ्या तोडीचा माणूस आमच्या गावात नाही, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता. मग कोरोना आला आणि बाजारच बंद झाला.

बाजार परत भरायला लागला तेव्हा एका गुरुवारी पाय आपोआप तिकडं वळले. आक्काच्या जागेवर एक तरणी बाई बसली होती. तीच पाटी, तशीच मेथीच्या जुड्यांची रांग. मला बघून तीच उठली.

"तुमी पिक्चरातलं आबा न्हवं का? मी आक्कांची सून."

"आक्का कुठं हायती?"

"आत्याबाई गेल्या की. पावसाळ्यात. ताप आला, चार दिवसांत गेल्या. तुमाला कुणी सांगितलं न्हाय?"

मी पोत्यावर बसलो. सुनेनं चहा सांगितला. मग म्हणाली, "तुमचा पिक्चर त्या पोरानं मोबाईलवर टाकलाय. आत्याबाईंनी चार येळा बघितला."

मला ते खरं वाटेना. "चार वेळा? तो पिक्चर त्यांना आवडला नव्हता."

"आवडला कुठला! शिव्या देत बघायच्या. मी म्हणायचे, आवो, मग बघता कशाला? तर म्हणायच्या, माणूस हुडकतीय. चौथ्या येळंला वरडल्या, थांबव, थांबव! हे बघा, मी खूण करून ठेवलीय."

तिनं ओल्या बोटांनी मोबाईल काढला. लग्नाच्या पंगतीचा सीन. हिरो आणि हिरॉइन पुढं काहीतरी बोलतायत. त्यांच्या मागं, कडेला, मी बुंदी वाढतोय. पंगतीतल्या एका लहान पोरीच्या पत्रावळीबाहेर बुंदी सांडली. पोरीनं घाबरून वर बघितलं. मी वाकलो, बोटानं बुंदी परत पत्रावळीत सरकवली, तिच्याकडं बघून भुवया उडवल्या आणि बोट धोतराला पुसून पुढं गेलो. एवढंच. चार-पाच सेकंद.

मला ते आठवलं. ती खरीच जेवणाची सुट्टी होती. हिरो-हिरॉइन पुढं नुसती तालीम करतायत आणि कॅमेरा बंद आहे असं मला वाटलं होतं.

सून म्हणाली, "आत्याबाई म्हणाल्या, हितं बघ. हितं डोरकीपर हाय. बाकी पिक्चरभर कुठं न्हाय, पर हितं हाय. मग दर येळंला तेवढंच लावायला सांगायच्या. घरी कोण आलं तर त्याला बी दावायच्या. म्हणायच्या, ह्यो माझ्या वळखीचा माणूस हाय, किती झ्याक काम करतो बघा."

मी चहा तसाच ठेवला. तिनं घरच्यांना आणखी काय सांगितलं असेल, हे मला सुनेला विचारायचं होतं. ते न विचारता मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि पहिल्या एस.टी.नं कळंबला गेलो. आक्काचा मुलगा गोठ्यात शेण काढत होता. त्यानं हात धुतले, बाजलं टाकलं, बसा म्हणाला. मी बसलो नाही. विचारलं, "इंदापुरात पिक्चर संपल्यावर मी तुझ्या आईला एक शब्द बोललो होतो. तिनं घरी सांगितला का?"

तो म्हणाला, "न्हाय आबा. आई तुमच्याबद्दल वाईट कायच बोलली न्हाय."

मी सुनेला बाहेर बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. मग त्या दोघांसमोर, त्यांच्या अंगणात उभं राहून, मी तो शब्द जसाच्या तसा सांगितला.