पालमचा गुळगुळीत चंद्र

पालमच्या बसस्टँडसमोर, रसवंतीला लागून, गुरुपाद अप्पांचा फोटो स्टुडिओ आहे. आत एक स्टूल, त्यामागे काश्मीरचं चित्र असलेला पडदा आणि कोपऱ्यात काचेचं तिरकं टेबल. टेबलाच्या काचेखाली बल्ब जळतो. या टेबलावर ह्या गृहस्थाची पन्नास वर्षं गेली. आता वय चौऱ्याहत्तर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कानावर पेन्सिल. पेन्सिल इतकी टोकदार, की ते नमस्काराला 'शरणार्थ' म्हणत वाकले तर समोरच्यानं आपले डोळे सांभाळावेत.

फोटो निगेटिव्हवर यायचे त्या काळातली ही कला आहे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. गालावरचा काळा डाग तिथं कोरा दिसतो. तो पेन्सिलीनं हळूहळू भरला, की कागदावर छापताना डाग गायब. धंद्यात याला टचिंग म्हणतात. मुलगी दाखवायची तर आधी पालमला नेऊन अप्पांकडून फोटो काढायचा, ही आसपासच्या पन्नास गावांची रीत होती. अप्पांनी देवीचे वण बुजवले, मुरमं झाडली, तीळ उडवले. एके काळी परभणी जिल्ह्यातल्या एकाही उपवर मुलीच्या तोंडावर एकही खड्डा नव्हता, याचा लेखी नसला तरी छापील पुरावा त्यांच्या कपाटात आहे.

त्यांचा नियम एकच. "स्टुलावर बसलेल्या माणसाचं खरं तोंड दुकानाबाहेर जाऊ द्यायचं न्हाई."

मी पेन्शनच्या कागदांसाठी एकदा त्यांच्याकडून फोटो काढला. बँकेतल्या मुलीनं फोटो पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, "आई, फोटोतल्या ताईंनी स्वतः यायला पाहिजे. त्या कुठंयत?"

मी परभणीच्या एका कॉलेजात तेहतीस वर्षं फिजिक्स शिकवलं. १९७९ साली आमच्या विभागानं एक जुनी दुर्बीण भंगारात काढली, ती अप्पांनी उचलली. का, तर भिंग मोठं दिसलं. लग्नात लांबून फोटो काढता येईल! दुर्बिणीत नवरा-नवरी उलटे दिसतात, हे त्यांना पहिल्याच लग्नात कळलं. मग ती त्यांनी चंद्राकडे वळवली. चंद्र उलटा आला तरी त्याचे पाहुणे भांडायला येत नाहीत.

पुढची पंचवीस वर्षं शेजारपाजार संकष्टी सोडायला चंद्राची वाट बघायचा, आणि अप्पा गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा बांधून बसायचे. एकशे शहाऐंशी निगेटिव्ह जमल्या. प्रत्येक निगेटिव्ह कागदी पाकिटात, आणि पाकिटावर मुलींच्या फोटोंवर लिहायचे तसाच मजकूर. 'कार्तिक वद्य चतुर्थी. चेहरा गोल. रंग उजळ. एका गालाला सावली.' उंची आणि शिक्षण तेवढं लिहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका खगोल संस्थेनं जाहीर केलं, की हौशी लोकांनी काढलेले चंद्राच्या पृष्ठभागाचे जुने फोटो ती जमवणार, संगणकावर कायमचे जतन करणार, आणि प्रत्येक फोटोखाली काढणाऱ्याचं नाव राहणार. मी ताबडतोब अप्पांचं नाव कळवलं. संस्थेनं त्यांना स्कॅनर पाठवला. मुदत मार्चअखेर.

मोबाइल आल्यापासून अप्पांच्या स्टुलावर धूळ बसते. पण त्यांचं दुःख वेगळंच होतं. "आमचं नाव फोटोच्या मागं असतंय, बाई. शिक्का मारलेला. मागं कोण बघतंय? इतक्या लोकांची लग्नं लागली माझ्या फोटोवर, एकाच्या भिंतीवर माझं नाव हाय का? एकदा पुढून येऊ द्या. मग मी दुकानाला कुलूप घालायला मोकळा."

त्यांनी पहिले दहा फोटो स्वतः स्कॅन करून परस्पर पुण्याला धाडले. दोन दिवसांनी संस्थेच्या माधवीचा मला फोन. पोरगी सभ्य होती, म्हणून शब्द शोधत बोलत होती.

"मॅडम, ते पालमचे फोटो... नक्की कशाचे आहेत?"

"चंद्राचे. कशाचे असणार?"

"आमची इथं चर्चा झाली. एक सर म्हणाले भाकरी आहे. मला साबण वाटला."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मॅडम, एकही खड्डा नाहीये हो! पृष्ठभागाचा संग्रह आणि पृष्ठभागच नाही. असे फोटो घेता येणार नाहीत. अजून तेरा दिवस आहेत, तुम्ही बघता का काय झालंय?"

काय झालंय ते लगेच माझ्या डोक्यात आलं. गुडघ्याला पट्टा बांधला आणि पालमची एसटी धरली.

"अप्पा, चंद्राचे खड्डे कुठं गेले?"

"भरले की."

"भरले?"

"पेन्सिलीनं." चेहऱ्यावर केवढा अभिमान! "एका एका चंद्राला दोन-दोन दिस गेलेत. लय खराब कातडी हाय त्याची, बाई. परभणी जिल्ह्यात अशी बघितली न्हाई."

"कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

"सांगायला कशाला लागतंय? गिऱ्हाईक तोंडानं बोलत न्हाई, आपणच समजून घ्यायचं असतंय."

"अहो, ते खड्डेच तर लोकांना बघायचेत!"

"मुलाकडचे लोकबी असंच बोलायचे. आपण ध्यान द्यायचं न्हाई."

मी कपाळाला हात लावला. मग एकदम वेगळीच भीती वाटली. काही वेळा टचिंगवाले निगेटिव्हचा थर बारीक चाकूनं खरवडतात. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं परत येत नाही.

"चाकू लावलात का?"

"छे! चाकू नाकावरची चमक काढायला. चंद्राला नाक कुठंय?"

देवाची कृपा. म्हणजे पेन्सिल होती ती, शिसं धरावं म्हणून निगेटिव्हला चोळतात त्या औषधाच्या थरावर, आणि खरा चंद्र खाली जसाच्या तसा होता. टर्पेंटाइन आणि कापूस एवढंच काम. मी तसं सांगितलं. अप्पांनी निगेटिव्हचा डबा ओढून मांडीवर घेतला आणि झाकणावर दोन्ही हात ठेवले.

"न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"महादेवाच्या डोक्यावरचा हाय त्यो. त्याला तसल्या तोंडानं पुण्याला धाडू? माझी इज्जत जाईल, त्याचीबी जाईल."

"महादेवाला खड्डे माहीत नसतील का?"

"माहीत असतील. त्यांनी कुणाला सांगितले का?"

मी आवाज चढवला. "मग नाव विसरा. एकही फोटो घेणार नाहीत ते. तुमचं नाव पुढून नाही, मागून नाही, कुठूनच नाही!"

अप्पांचा चेहरा उतरला. डब्यावरचे हात मात्र हलले नाहीत.

स्टुडिओच्या मागच्या दारानं घर लागतं. तिथून उमादेवी चहा घेऊन आल्या. ह्या अप्पांच्या पत्नी. लहानपणी देवी आल्या होत्या, दोन्ही गालांवर वण आहेत, आणि त्याबद्दल त्यांना जितकी फिकीर आहे तितकीच चंद्राला असावी. सगळं भांडण त्यांनी आतून ऐकलं होतं.

"बाई, ह्यांनी माझ्याबी तोंडाला पेन्सिल लावलेली हाय," त्या माझ्या हातात कप देत म्हणाल्या. "छप्पन सालचा जन्म माझा. विसाव्या वर्षी वडलांनी पेडगावाहून इथं फोटोला आणलं. ह्यांनी तीन दिस घातले त्या फोटोला, आणि पाव्हण्यांकडं धाडायच्या आधी सोताच्या आईला दाखवला. सासूबाई फोटो बघून हो म्हणल्या. लग्नात पदर सरकला आणि मग तमाशा! दोन वर्षं विचारायच्या, फोटोतली कुठंय, तिला आणा म्हणून."

"जुनं काढू नको," अप्पा म्हणाले.

"काढणार. तुमी पसंत कुणाला केलं हुतं? फोटोतलीला का स्टुलावरचीला?"

अप्पा चहाच्या कपात बघत म्हणाले, "स्टुलावरचीला."

"मग बुजवलं कशाला?"

"आईसाठी."

"मग आता पुण्यात तुमची आई बसलीय का?"

अप्पांनी डबा माझ्याकडं सरकवला, उठले आणि हार्डवेअरच्या दुकानातून टर्पेंटाइनची बाटली आणली.

पहिली निगेटिव्ह पुसताना त्यांनी मला पाठ फिरवायला लावली. कारण विचारलं तर म्हणाले, "पहिल्यांदा मोकळ्या तोंडानं बसतोय त्यो. जरा दम घेऊ द्या." मी बहात्तर वर्षांची एम. एस्सी. झालेली बाई, काश्मीरच्या पडद्याकडं तोंड करून उभी राहिले. मागून कापूस घासल्याचा आवाज, आणि मग अप्पांचं हळहळणं. "अरारारा. हा तर लयच खोल हाय."

स्कॅन केल्यावर मी पाहिलं. कडेच्या उजेडात एकेक खड्डा, त्याची भिंत, मधला डोंगर, डोंगराची सावली, सगळं स्वच्छ. या माणसाचा हात आणि डोळा असा, की पंचवीस वर्षं त्यानं उत्तम फोटो काढले आणि उत्तम रीतीनं बिघडवले.

दहा दिवस आम्ही तिघं त्या टेबलाशी बसलो. अप्पा पुसायचे, उमादेवी निगेटिव्ह दोरीला चिमट्यानं टांगायच्या, मी तिथ्यांच्या तारखा काढून लिहायचे. मधूनच अप्पांचा हात कानाकडं जायचा. उमादेवी नुसत्या "अवो" म्हणायच्या, की हात खाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेन्सिलच काढून आपल्या अंबाड्यात खोवली.

एकशे शहाऐंशी फोटो तयार झाले, माधवी फोनवर आनंदानं ओरडली, आणि मी म्हटलं, सुटलो. तर अप्पा म्हणाले, "नाव टाकायच्या आधी माझी एक अट हाय."

"आता काय?"

"तोंड असं गेलं आणि खाली माझं नाव गेलं, तर लोक म्हणतील गुरुपादला टचिंग येत न्हाई. एक ओळ लिहा."

ओळ त्यांनी सांगितली, मी लिहून घेतली. माधवीच्या सरांना ती पसंत पडली नाही. संग्रहात अशी पद्धत नाही, म्हणाले. मी त्यांना फोन करून सांगितलं, की पद्धत आजपासून पाडा, नाहीतर हा माणूस सगळ्या निगेटिव्हना पुन्हा पेन्सिल लावील आणि मी त्याला टोक करून देईन. ते हसले. हसलेला माणूस निम्मा हरलेला असतो.

आज त्या संग्रहात अप्पांच्या प्रत्येक फोटोखाली लिहिलं आहे: 'छायाचित्र: गुरुपाद विरेश हालगे, पालम. टचिंग येत असूनही केलेलं नाही.' एकशे शहाऐंशी वेळा.

दुकानाला कुलूप काही लागलेलं नाही. झेरॉक्स कुठं मिळेल म्हणून विचारायला आलेल्या माणसालासुद्धा अप्पा मोबाइल काढून ते पान दाखवतात. चंद्रावर अंगठा घट्ट दाबून धरतात, आणि खालचं नाव तेवढं वाचायला देतात.