केशरी वटवाघूळ

केळीच्या वाळल्या पानांचा वास आला की मला हट्टा गावचा आमचा मळा आठवतो. तिथं लहानपणी धाकट्या बहिणीला, रेखाला, सुरळी झालेल्या पानात एक वटवाघूळ सापडलं होतं. फुलपाखराएवढं, काळ्या-केशरी पंखांचं.

"माझ्या लेकीची नजर लई तेज," म्हणत बाबा शाळेच्या गुरुजींना बोलवायला गेले. सकाळी त्याच ओळीतली वाळली पानं मी काढली होती, पण मला काहीच दिसलं नव्हतं. रेखा पाणी प्यायला विहिरीवर गेली, तेव्हा मी ते पान जोरात झटकलं.

"काहून उडालं गं, अक्का?" ती रडत म्हणाली.

"मला काय ठाऊक."

परवा रेखा तिच्या नातीला सांगत होती, "आमी दोघींनी शोधलं होतं ते." मी होकारार्थी मान हलवली. तिच्या मोठ्या मनाचाही मला हेवाच वाटला.