पर्शिया इलेव्हनची पाच नावं

आमच्या क्रिकेट टीमला आजवर पाच नावं मिळाली. त्यातली चार स्पॉन्सरांची होती आणि एक आमचं. परवापरवापर्यंत लीगच्या वेबसाइटवर शोधलं असतंत तर आमचंच तेवढं सापडलं नसतं, आणि त्याचा मला अजून राग येतो.

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत. लग्नानंतर आम्ही ‘पर्शिया’त राहायचो. माझा नवरा आणि शेजारपाजारचे दहा मराठी नोकरदार शारजाच्या वाळूच्या मैदानावर, सिमेंटच्या पट्टीवर काथ्याची चटई अंथरून खेळायला लागले. रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर नाव हवं होतं, म्हणून कोणीतरी पत्त्यातलंच नाव उचललं. पुण्या-मुंबईच्या पोरांनी पर्शिया म्हणवून घेण्यात काही अर्थ नव्हता, हे मान्य. पण ते कोणी आम्हाला दिलेलं नव्हतं. त्याच वर्षी मला मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन मी स्कोअर लिहायला बसले ती बसलेच.

मग स्पॉन्सर आले. स्पॉन्सर मैदान मिळवून देतो आणि बदल्यात टीमला त्याचं नाव लागतं, अशी इथली रीत. पहिला टायरवाला. त्याने टी-शर्टच्या पाठीवर एवढा मोठा टायर छापला की बारीक माणसं त्यामागे दिसेनाशी झाली. मग एक हॉटेलवाला, मग एक अत्तराचा कारखाना. अत्तरवाल्याच्या वर्षी नवऱ्याची किट बॅग फ्लॅटमध्ये ठेवली की पाहुणे विचारायचे, घरात लग्न आहे का. कागदावर नावं बदलत राहिली. आपसात मात्र आम्ही पर्शियाच होतो.

चौथा स्पॉन्सर शारजाजवळच्या हमरिया फ्री झोन या उद्योगवसाहतीतली पाइपांची कंपनी. ती आली नेमकी प्लेऑफच्या दोन आठवडे आधी. तीन लांबलचक इंग्रजी शब्द आणि शेवटी वॉरियर्स, असं आमचं नवं नाव ठरलं. ती मॅच जिंकलो असतो तर सोळा वर्षांत पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमध्ये गेलो असतो.

रविवारी सकाळी सहाला आम्ही गाडीच्या सावलीत पोहे खात बसलो होतो. शेजारीशेजारी तीन मैदानं, तिन्हीकडे मॅचेस. लाउडस्पीकरवर कुठल्याशा वॉरियर्सच्या कॅप्टनला टॉससाठी बोलावत होते. एकदा, दोनदा, तीनदा. कोण हे आळशी लोक, असं म्हणून आम्ही हसलो. मीही हसले, आणि स्कोअरशीटवर ते नाव माझ्याच हाताने लिहिलेलं होतं. फोनमधून मान वर न काढता मुलगी म्हणाली, “मॉम, आय थिंक दॅट्स अस.”

नवरा हातातली डिश टाकून वाळूतून धावला. अंपायरने घड्याळ दाखवलं आणि म्हणाला, “खलास.” समोरच्यांना वॉकओव्हर मिळाला. एकही बॉल न टाकता आमचं वर्ष संपलं.

त्याच दिवशी कंपनीच्या मॅनेजरने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. आपलाच मराठी माणूस, बोलायला गोड. चूक आमची होती, हे त्याचं खरंच होतं. पुढच्या सीझनपासून मॅचआधी सगळ्यांनी गोल करून नाव तीनदा मोठ्याने म्हणायचं, व्हॉट्सॲप ग्रुपचंही नाव बदलायचं, आणि पर्शिया हा शब्द मैदानावर काढायचा नाही, असं त्याने सांगितलं. नाही पटलं तर टीम सोडा. रजिस्ट्रेशन कंपनीच्या नावावर होतं. सोडली तर नव्या टीमसारखं अगदी तळापासून सुरू करावं लागणार. दोन-तीन पोरं होकाराची मान हलवायला लागली. नवरा टेबलाकडे बघत राहिला. त्याचा मला इतका राग आला की मीच बोलले.

“साहेब, तीन वेळा हाक मारली तरी अकरातला एक उठला नाही. ते आमचं नाव असतं तर झोपेतसुद्धा उठलो असतो. टी-शर्ट धुऊन पाठवते.”

बाहेर पार्किंगमध्ये मग नवऱ्याने अंगातला कंपनीचा टी-शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि बनियनवरच गाडी चालवायला बसला. घरी पोचेपर्यंत आठ जणांचे टी-शर्ट देतो म्हणून मेसेज आले होते. उरलेल्या दोघांचे मी स्वतः जाऊन आणले.

पुढच्याच आठवड्यात मी लीगच्या ऑफिसात गेले. पर्शिया इलेव्हन, सगळ्यात खालची डिव्हिजन. स्थापनेच्या रकान्यात मी सोळा वर्षांपूर्वीचं साल लिहिलं. क्लार्कने ते खोडलं आणि हिंदीत समजावलं की मॅडम, टीम नवी आहे, यंदाचं साल टाका. मी खोडलेल्याच्या वर पुन्हा तेच साल लिहिलं. त्याने पेन खाली ठेवलं.

“भैया,” मी म्हणाले, “मेरी बेटी ने तीन स्कूल बदले. किसी ने उसकी उमर ज़ीरो से शुरू नहीं की.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, आणि शिक्का मारला.