पाच गिअरचा माणूस

थेरगावात त्याचं गॅरेज आहे. जुन्या, वेगवान जपानी गाड्या त्याच्याकडे लांबून येतात, बहुतेक ऑटोमॅटिक काढून हाताचे गिअर बसवून घ्यायला. बोलताना त्याचा डावा हात हवेत गिअर टाकत असतो. बोलणं रंगलं की चौथा, कुणी मध्येच तोंड घातलं की दुसरा.

"ऑटोमॅटिक म्हंजी लिफ्ट हाय, राव," तो म्हणतो. "बटन दाबायचं आन् उभं ऱ्हायाचं."

मला ते पटायचं. माझ्या वीस वर्षांच्या जपानी गाडीचं इंजिन दांडगं आहे, पण ऑटोमॅटिक असल्याने पाय दाबला तरी ती विचार करून निघते. त्याने तिच्यासाठी पाच गिअरचा जुना गिअरबॉक्स शोधला, धुऊन फळीवर ठेवला. शनिवारी मी गाडी घेऊन गेलो.

त्याने दार उघडलं आणि मागच्या सीटवरची उशी उचलली. "ही कुनाची?"

"बायकोची. उंची कमी पडते तिला. चाकणला कंपनीत हीच गाडी नेते."

"वैनींना क्लच येतो?"

"शिकेल."

"शिकंन म्हनल्यात त्या?"

मी फळीवरच्या गिअरबॉक्सकडे पाहिलं. त्याचा डावा हात पहिल्यांदाच स्वस्थ होता. त्याने उशी जागेवर ठेवून दार हळूच लावलं.

"इचारून या. गिअरबॉक्स कुटं जात न्हाई."

याला चार महिने झाले. गिअरबॉक्स फळीवरच आहे. वाटेत भेटला की तो गाडीचं काढत नाही, वैनी कशा आहेत एवढंच विचारतो. बऱ्या आहेत, असं मी सांगतो. तिला मी अजून विचारलेलं नाही.